एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन शेतकरी पूर्वज कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सोयरीक झालेल्या मराठी घरांत नातवंडांची अर्धी वंशावळ आता ओहायो, आयोवा, टेनेसी इथल्या शेतांपर्यंत जाऊन पोचते. १८१३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनचा अभ्यास करणाऱ्यांनाही न्यू इंग्लंडमधली शेतकरी घराणी धुंडाळावी लागतात. खालचे प्रश्न अशा वाचकांचे आहेत. आमचा सल्ला सगळीकडे एकच राहील: नावापेक्षा जमिनीचा माग काढा. एका काउंटीत (राज्याच्या आतला जिल्हा) एकाच नावाचे चार शेतकरी सहज निघतात, पण चाळीस एकरांचा तोच तुकडा त्या चौघांकडे एकाच वेळी वेगवेगळ्या खरेदीखतांनी नसतो.

सुरुवात कुठून करायची?

ज्याच्याबद्दल पक्की माहिती आहे अशा सर्वांत अलीकडच्या माणसापासून, आणि एकेक पिढी मागे जात. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. आजोबांना १९५० मध्ये गाठा, मग १९४०, १९३०, १९२०, १९१०, १९०० असे मागे या. प्रत्येक टप्प्यावर राज्य, काउंटी, टाउनशिप (काउंटीचा पोटविभाग) आणि शेजारच्या किमान दहा-बारा घरांची नावं उतरवून ठेवा. शेजाऱ्यांची नावं आज निरुपयोगी वाटतील, पण पुढे तीच कामाला येतात.

एकदम १८५० वर उडी मारून "आमचा जॉन मिलर सापडला" असं ठरवू नका. तो बहुधा दुसऱ्याचा जॉन मिलर असतो.

जनगणनेच्या कुठल्या वर्षी काय मिळतं?

१७९० ते १८४० या काळात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीची माणसं वयोगट आणि लिंग यांच्या रकान्यांत आकड्यांनी मोजलेली असतात. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, व्यवसाय, जन्माचं राज्य किंवा देश आणि स्थावर मालमत्तेची किंमत मिळते. गुलामगिरीत असलेल्यांची नोंद १८५० आणि १८६० मध्ये वेगळ्या पत्रकात मालकाच्या नावाखाली आहे, आणि त्यात त्यांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. १८६० मध्ये जंगम मालमत्तेचा रकाना वाढला. कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान पहिल्यांदा १८८० मध्ये विचारलं गेलं. म्हणजे १८५० ते १८७० च्या पानावर घरात दिसणारं लहान मूल मुलगा आहे, पुतण्या आहे की कामावर ठेवलेला पोरगा, हे ते पान सांगत नाही. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला झालेली वर्षं, बाईला झालेली आणि हयात असलेली मुलं, शेत स्वतःचं की भाड्याचं, गहाण की मोकळं, एवढं सगळं येतं.

१८३० ते १८८० पर्यंतची गणना १ जूनची परिस्थिती धरून करायची होती, मोजणारा दारात ऑगस्टमध्ये आला तरी. त्यामुळे जुलैत वारलेला आजोबा यादीत जिवंत असणं नियमाला धरून आहे, आणि जुलैत जन्मलेलं बाळ यादीत नसणंही. वयं मात्र सैल धरा. दहा वर्षांत सातच किंवा चक्क तेरा वर्षांनी वाढलेली माणसं पानोपानी भेटतात, कारण माहिती अनेकदा मुलांनी किंवा शेजाऱ्यांनी दिलेली असते.

१८९० ची जनगणना कुठेच का सापडत नाही?

जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. आगीने आणि ती विझवताना वापरलेल्या पाण्याने बहुतेक पानांची नासाडी झाली आणि उरलेली पुढे सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आली. आज जेमतेम सहा हजार नावं शिल्लक आहेत. १८८० आणि १९०० यांच्यामधली वीस वर्षं भरून काढायला राज्यांच्या स्वतःच्या जनगणना वापरा: कॅन्ससची १८८५ आणि १८९५, आयोवाची १८८५ आणि १८९५, मिनेसोटाची १८८५ आणि १८९५. कॅन्ससच्या १८८५ च्या पत्रकात माणूस कुठल्या राज्यातून कॅन्ससला आला हे विचारलेलं आहे. आयोवाची १९२५ ची गणना उशिराची असली तरी अवश्य बघा, कारण तिच्यात आईवडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनावही विचारलं होतं.

शेतकऱ्यांची वेगळी नोंद होती का?

होती, आणि पुष्कळ शोधकर्ते तिच्यापर्यंत पोचतच नाहीत याची आम्हाला खंत आहे. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चार वर्षांत लोकसंख्येबरोबर शेतीचंही पत्रक भरलं गेलं. एका शेतकऱ्याची एक ओळ. तिच्यात लागवडीखालची आणि पडीक जमीन एकरांत, शेताची किंमत, अवजारांची किंमत, घोडे, खेचरं, दुभत्या गायी, कामाचे बैल, इतर गुरं, मेंढ्या, डुकरं, आणि मग पिकं: गहू, राय, मका, ओट, तंबाखू, कापूस, लोकर, बटाटे, रताळी, लोणी, चीज, गवत, मध, मेपलची साखर, फळबागेचं उत्पन्न, वर्षभरात कापलेल्या जनावरांची किंमत.

१८८० चं पत्रक आणखी भरघोस आहे. शेत स्वतः मालक कसतो, ठरलेल्या रोख खंडाने कसतो की पिकाच्या वाट्याने, हे तीन रकाने त्यात आहेत. प्रत्येक पिकाखाली किती एकर, कुंपणावर किती खर्च, खतावर किती, मजुरी किती, कोंबड्या किती आणि अंडी किती डझन, हेही आहे. आपल्याकडची पीकपाहणी ज्याने वाचली आहे त्याला हे पान पहिल्या नजरेत ओळखीचं वाटेल.

वाचताना चार गोष्टींत गफलत होते.

पिकाचे आकडे १ जूनला संपणाऱ्या वर्षाचे असतात. १८५० च्या पत्रकातला मका १८४९ च्या हंगामातला आहे; जनावरांची संख्या मात्र त्या वर्षीच्या १ जूनची.

प्रत्येक शेत यादीत नाही. १८५० आणि १८६० मध्ये वर्षाला १०० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची शेतं वगळली. १८७० आणि १८८० मध्ये तीन एकरांपेक्षा लहान शेतं वगळली, ५०० डॉलरचं उत्पन्न असेल तरच घेतली. पूर्वज यादीत नसला तर तो शेतकरी नव्हता असं समजू नका.

रकान्यांची शीर्षकं स्कॅनमध्ये अस्पष्ट असतात. त्या वर्षाचा कोरा नमुना उतरवून घ्या आणि रकाना क्रमांक जुळवून वाचा, नाहीतर ओट मक्यात जातात.

नावांची सूची सगळ्या राज्यांची नाही. सूची नसेल तर लोकसंख्येच्या पत्रकात पूर्वजाच्या आधी आणि नंतर आलेले शेतकरी बघा. मोजणारा एकाच फेरीत दोन्ही पत्रकं भरत असे, त्यामुळे क्रम बहुधा तोच असतो.

१८९०, १९०० आणि १९१० ची शेती पत्रकं नष्ट झाली आहेत. १९०० च्या लोकसंख्येच्या पानावर शेतीपत्रकाचा क्रमांक दिसतो, पण त्या क्रमांकाचं पत्रक आता अस्तित्वात नाही. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

बुशेल, पौंड, एकर यांचा अंदाज कसा घ्यायचा?

बुशेल हे मापाचं एकक आहे, त्यामुळे वजन धान्यानुसार बदलतं. गहू आणि बटाटे ६० पौंड म्हणजे सुमारे २७ किलो, कणसातून सुटा केलेला मका ५६ पौंड म्हणजे २५ किलोच्या थोडं वर, ओट ३२ पौंड म्हणजे साडेचौदा किलो. तीनशे बुशेल मका म्हणजे साधारण ७६ क्विंटल. १८५० आणि १८६० च्या पत्रकात कापसाची गाठ ४०० पौंडांची धरलेली आहे. एकर तोच, चाळीस गुंठ्यांचा. १६० एकर म्हणजे जवळपास ६५ हेक्टर.

आकडे शेजाऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचा. तीन कामाचे बैल आणि एकही घोडा नाही, ८० एकरांपैकी १५ लागवडीखाली, असं दिसलं तर माणूस नुकताच येऊन माळरान फोडतो आहे. दहा वर्षांनी बैल गेलेले, चार घोडे आलेले आणि अवजारांची किंमत तिप्पट झालेली असली, तर कापणीयंत्र घरात आलं असण्याची शक्यता धरून वर्तमानपत्रं आणि गहाणखतं चाळा.

सातबारासारखा एखादा उतारा मिळतो का?

नाही. शेतावर कोण आहे आणि मालक कोण, हे एका सरकारी उताऱ्यात तिथे लिहिलं जात नसे. मालकी सिद्ध होते ती एकामागून एक नोंदवलेल्या खतांच्या साखळीने, आणि ती साखळी तुम्हालाच जुळवावी लागते. पहिली कडी म्हणजे सरकारने खासगी माणसाला दिलेला दाखला. त्याला पेटंट म्हणतात. पुढची खरेदीखतं, गहाणखतं आणि वारसांची हक्कसोडपत्रं काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये असतात. व्हरमाँट, कनेटिकट आणि ऱ्होड आयलंड इथे ती काउंटीत नसून टाउनच्या क्लार्ककडे असतात.

आधी राज्य कुठल्या गटातलं ते पाहा. मूळची तेरा राज्यं आणि त्यांच्यातून निघालेली केंटकी, टेनेसी, व्हरमाँट, मेन, वेस्ट व्हर्जिनिया, तसंच टेक्सस, इथे जमीन वसाहतीने किंवा राज्याने दिली. केंद्र सरकारकडे तिथली पेटंटं शोधून उपयोग नाही. राज्याच्या अभिलेखागारात जायला हवं. ओहायोपासून पश्चिमेकडची बहुतेक राज्यं, आणि दक्षिणेतली अलाबामा, मिसिसिपी, फ्लोरिडा, लुईझियाना, अर्कान्सा, ही केंद्राच्या जमिनीची.

जुन्या राज्यांतल्या खतात नुसती झाडं आणि ओढे लिहिले आहेत. त्यातून शेत कसं ओळखायचं?

ती आपल्या खतांतल्या चतुःसीमेसारखी पद्धत आहे, फक्त दिशा आणि अंतर जास्त नेमकं असतं. "पांढऱ्या ओकपासून उत्तर ४५ अंश पूर्व, ६० पोल, अमक्याच्या हद्दीपर्यंत" असं एका कोपऱ्यातून निघून पुन्हा त्याच कोपऱ्यात यायचं. पोल, पर्च आणि रॉड हे एकच, साडेसोळा फूट. चार पोलांची एक साखळी, ६६ फूट. आलेखाच्या कागदावर कोनमापकाने आकृती काढा. ती मिटली नाही तर खत लिहिताना एखादी बाजू गळली आहे किंवा उत्तर-दक्षिण उलट लिहिलं गेलं आहे. त्याच जमिनीचं आधीचं किंवा नंतरचं खत काढून ताडून पाहा. शेजाऱ्यांची शेतंही तशीच काढून जोडली की तुकडे एकमेकांत बसू लागतात.

या पद्धतीत एकावर एक चढलेल्या हद्दी नित्याच्या होत्या. अब्राहम लिंकनचे वडील थॉमस लिंकन यांना केंटकीत एकाहून अधिक शेतांच्या मालकीबद्दल वाद सोसावे लागले, आणि १८१६ मध्ये ते कुटुंब इंडियानाला गेलं. तिथे केंद्राची मोजणी झालेली होती आणि मालकी पक्की मिळत होती. केंटकी किंवा टेनेसीतला पूर्वज अचानक उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे निघून गेला असेल तर त्या काउंटीचे जमिनीचे दावे जरूर पाहा. दाव्यातल्या साक्षींत माणसाचं वय आणि तो त्या भागात कधी आला हे बरेचदा नोंदलेलं असतं.

सेक्शन, टाउनशिप, रेंज म्हणजे काय?

१७८५ च्या कायद्याने ठरलेली चौकोनी मोजणी. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. सेक्शनचा चतकोर १६० एकर, त्याचा चतकोर ४० एकर. सेक्शन क्रमांक १ ईशान्येच्या कोपऱ्यात. तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग खालच्या ओळीत ७ पासून पूर्वेकडे, असं नांगराच्या फेऱ्यांसारखं उलटसुलट जात ३६ आग्नेयेच्या कोपऱ्यात येतो.

प्रधान याम्योत्तर ही मोजणीची मूळ उत्तर-दक्षिण रेषा. रेंज म्हणजे तिच्यापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला टाउनशिपांची कितवी उभी रांग, आणि टाउनशिपचा आकडा म्हणजे मूळ पूर्व-पश्चिम रेषेपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला कितवी आडवी रांग. वर्णन शेवटून सुरुवातीकडे वाचा. "सेक्शन १४ च्या वायव्य चतकोराचा आग्नेय चतकोर, टाउनशिप ८२ उत्तर, रेंज ५ पश्चिम, पाचवी प्रधान याम्योत्तर रेषा" असं असेल तर आधी याम्योत्तर रेषा, मग रेंज आणि टाउनशिप, मग सेक्शन, मग त्याचा वायव्य भाग, आणि त्याच्या आग्नेयेचे ४० एकर. "चा" कुठे आहे आणि "आणि" कुठे आहे हे नीट बघा. "आग्नेय चतकोर आणि वायव्य चतकोर" म्हणजे ३२० एकर. एका शब्दाने आठपट फरक पडतो.

पेटंट पाहायला ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जनरल लँड ऑफिस अभिलेखांची साइट मोफत आहे. राज्य, काउंटी आणि फक्त आडनाव टाका. पहिलं नाव सोडून द्या, कारण तिथे आद्याक्षरंही चालत. सापडलं की त्याच सेक्शनातल्या आणि भोवतीच्या आठ सेक्शनांतल्या सगळ्या पेटंटधारकांची यादी काढा. सासरा, मेहुणा, भाऊ यांच्यापैकी कोणीतरी तिथे असण्याची शक्यता मोठी असते. पेटंटची तारीख म्हणजे जमीन घेतल्याची तारीख नव्हे. मधे एक ते कित्येक वर्षं गेलेली असतात.

सेक्शन १६ शाळांसाठी राखलेला असे, पुढच्या काळात ३६ सुद्धा. रेल्वेच्या पट्ट्यात एकाआड एक सेक्शन, बहुधा विषम क्रमांकांचे, कंपन्यांना दिले होते. पूर्वजाने अशा सेक्शनात जमीन घेतली असेल तर पेटंट त्याच्या नावाने निघणार नाही. राज्याच्या शाळा-जमिनींच्या नोंदी किंवा रेल्वेकडून झालेलं खत काउंटीत शोधा.

पेटंट सापडलं. आता पुढे?

पेटंट हा नुसता दाखला. त्यामागची फाईल वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये असते आणि खरं सोनं तिथे आहे. कोणत्या कायद्याखाली जमीन मिळाली यावर फाईलची जाडी अवलंबून असते. १८२० नंतरची रोख खरेदी, एकरी सव्वा डॉलर, असेल तर पावतीपलीकडे फार मिळत नाही. आधीच वस्ती केलेल्याला खरेदीचा पहिला हक्क देणारा १८४१ चा प्रीएम्प्शन कायदा असेल तर वस्तीचा पुरावा मिळू शकतो. सैनिकी सेवेबद्दल मिळालेलं जमिनीचं वॉरंट असेल तर सावध राहा. अनेक सैनिकांनी वॉरंटं विकून टाकली. पेटंटवर सैनिकाचं नाव एक आणि जमीन घेणाऱ्याचं दुसरं असतं, आणि त्यांचं नातं असेलच असं नाही.

होमस्टेडची फाईल सर्वांत भरलेली. २० मे १८६२ चा कायदा, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती, नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेली, १६० एकरांपर्यंत जमीन मागू शकत होती. फी एकूण सुमारे १८ डॉलर. पाच वर्षं राहणं आणि कसणं बंधनकारक. सात वर्षांच्या आत पुरावा सादर करायचा. पुराव्यात स्वतःची आणि दोन साक्षीदारांची जबानी असे. घर किती फुटांचं, कशाचं, खिडक्या किती, विहीर किती खोल, किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतलं, कुटुंबात कोण कोण, मधे शेत सोडून कधी आणि का गेले, हे सगळं त्यात आढळतं. परदेशात जन्मलेल्याच्या फाईलला नागरिकत्वाच्या कागदांची नक्कल जोडलेली असते, आणि ती एरवी कुठल्या कोर्टात शोधायची हे कळणंच मुश्कील असतं.

मागणीसाठी नॅशनल अर्काइव्ह्जचा जमीन-फायलींचा ८४ क्रमांकाचा फॉर्म आहे. त्यात राज्य, लँड ऑफिसचं नाव, दाखला क्रमांक आणि जमिनीचं पूर्ण वर्णन लागतं. हे सगळं पेटंटच्या पानावर असतं. नेब्रास्काच्या होमस्टेड फायली डिजिटल झाल्या आहेत, त्या आधी ऑनलाइन बघा.

आणखी एक दार बरेच जण उघडत नाहीत. दावा करून अर्ध्यात सोडून गेलेल्यांच्याही फायली आहेत. पेटंट निघालं नाही म्हणून त्या पेटंटच्या शोधात येत नाहीत. लँड ऑफिसच्या ट्रॅक्ट बुकांत (जमिनीच्या तुकड्यागणिक दाव्यांच्या नोंदवह्या) सेक्शनच्या पानावर खोडलेलं नाव आणि क्रमांक दिसतो. फॅमिलीसर्च या मोफत वंशावळ-साइटवर ट्रॅक्ट बुकांची चित्रं आहेत. १८७४ च्या टोळधाडीनंतर कॅन्सस किंवा नेब्रास्कातून माघारी फिरलेला पूर्वज असाच सापडतो.

त्या जमिनीवर आधी कोण होतं हेही लिहून ठेवा. "मोकळी" म्हणून वाटलेली जमीन मूळनिवासी राष्ट्रांकडून करारांनी, आणि अनेकदा जबरदस्तीने, घेतलेली होती. कोणत्या करारानंतर तो भाग मोजणीला खुला झाला हे कळलं की पूर्वज त्याच वर्षी तिथे का पोचला याचाही उलगडा होतो.

काउंटीतली खरेदीखतं शोधताना काय चुकतं?

विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन सूची असतात, दोन्ही पाहा. ज्याने घेतल्याचं खत आहे पण विकल्याचं नाही, त्याची जमीन वारसाने, लिलावाने किंवा शेरीफच्या खताने (कोर्टाच्या हुकमावरून शेरीफ या काउंटीच्या अधिकाऱ्याने विकून) गेली असणार. शेरीफचं खत सूचीत शेरीफच्या नावाखाली असू शकतं. वारसांचं हक्कसोडपत्र पहिल्या सहीवाल्याच्या नावाने "आणि इतर" असं चढवलेलं असतं, आणि लग्न झालेल्या मुलींची नावं नवऱ्यांसह नेमकी त्याच खतात असतात. म्हणून सूचीत आडनाव संपलं तरी जावयांची आडनावं चाळा.

जमीन विकताना बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे. तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन "तू राजीखुशीने सोडतेस का" असं विचारल्याची नोंद खताच्या शेवटी असते. १८५२ च्या खतात मेरी आणि १८५९ च्या खतात हॅना असेल, तर मधे पहिली पत्नी वारली आणि दुसरं लग्न झालं असं धरून लग्नाची नोंद शोधा. "प्रेमापोटी आणि एक डॉलर" अशी किंमत असलेलं खत बहुतेक वेळा बापाने मुलाला किंवा जावयाला दिलेलं बक्षीसपत्र असतं. खत लिहिल्याची आणि नोंदवल्याची तारीख वेगळी असते. नोंदणी वीस वर्षांनी, जमीन पुन्हा विकायची वेळ आल्यावर झालेली उदाहरणं विरळ नाहीत.

फॅमिलीसर्चने हस्तलिखित खतं आणि प्रोबेटची (मृताच्या मालमत्तेच्या कोर्टातल्या वाटपाची) पानं यंत्राकडून वाचून शब्दागणिक शोध सुरू केला आहे. त्याने साक्षीदार, शेजारी, जामीनदार म्हणून आलेलं नावही सापडतं, जे कुठल्याच जुन्या सूचीत नसतं. वाचनात चुका असतात. आडनावाची तीन-चार रूपं टाकून बघा.

पूर्वजाकडे स्वतःची जमीनच नव्हती तर?

कुळाने कसणारे आणि वाट्याने कसणारे पुष्कळ होते. १८५० किंवा १८६० मध्ये व्यवसाय "शेतकरी" पण स्थावर मालमत्तेचा रकाना कोरा, ही त्याची खूण. अशा माणसासाठी कराच्या याद्या बघा. त्या दरवर्षी होत, आणि डोईपट्टी जमीन नसलेल्या पुरुषालाही असे. एखादं नाव यादीत पहिल्यांदा आलं की तो बहुधा नुकताच २१ वर्षांचा झाला किंवा नुकताच त्या भागात आला. जंगम गहाणखतंही बघावीत; हंगामासाठी कर्ज घेताना "दहा वर्षांची तपकिरी घोडी, नाव डॉली" इतक्या तपशिलाने जनावरं लिहून दिलेली असतात.

पूर्वज गुलामगिरीतून मुक्त झालेला असेल तर?

१८७० ही नाव-आडनावासह पहिली जनगणना. तिथपर्यंत पोचलात की त्याच भागातल्या १८६५ ते १८७२ च्या फ्रीडमेन्स ब्यूरोच्या (मुक्त झालेल्या गुलामांसाठीचं सरकारी खातं) कागदांत मजुरीचे करार शोधा. त्यांत जमीनमालकाचं नाव, कुटुंबातली माणसं आणि पिकातला वाटा असतो. १८६५ ते १८७४ चालू असलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदीत आईवडील, भावंडं, जन्मस्थान, कधीकधी जुन्या मालकाचं नावही आहे. त्याआधीचा शोध मालकाच्या मृत्युपत्रांतून, वाटणीपत्रांतून आणि खतांतून करावा लागतो, कारण माणसांची नावं तिथे मालमत्तेच्या यादीत लिहिलेली आहेत. ते वाचणं जड जातं. पण अनेकांसाठी पणजीच्या आईचं नाव कागदावर असलेली ती एकमेव जागा आहे. पूर्वीच्या मालकाचं आडनावच मुक्त कुटुंबाने घेतलं असं गृहीत धरू नका.

शेतकरी बायकांची नोंद कुठे असते?

जनगणनेत त्यांच्यासमोर "घर सांभाळते" एवढंच. पण शेती पत्रकातलं २०० पौंड लोणी, चीज, अंडी हे बहुतेक त्यांचंच काम. अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित बाई होमस्टेड मागू शकत होती, म्हणून पेटंटांत बायकांची नावंही शोधा. नवरा वारल्यावर दावा पूर्ण केलेल्या विधवेची फाईल तिच्या नावाने निघते.

प्रोबेटमध्ये मृत्युपत्र नाही. मग काय उरलं?

मृत्युपत्र नसेल तरच कागद जास्त. प्रशासक नेमल्याचा जामीनकतबा, मालमत्तेची यादी, लिलावाची यादी, विधवेला वर्षभरासाठी काढून दिलेलं धान्य आणि गुरं, आणि शेवटची वाटणी. लिलावाच्या यादीत नांगर कोणी घेतला, गाय कोणी घेतली हे नावानिशी असतं. घेणारे मुख्यतः नातलग आणि शेजारी. विधवेने स्वतःच्याच घरातली भांडी पैसे देऊन परत घेतलेलीही दिसतात. अज्ञान मुलांना पालक नेमला म्हणजे आईही वारली असं नव्हे. मालमत्तेसाठी आई असतानाही पालक नेमत. चौदा वर्षांवरचं मूल स्वतःचा पालक निवडू शके, त्यावरून वय ताडता येतं.

जन्माचा दाखला का मिळत नाही?

बहुतेक ठिकाणी तो तेव्हा नव्हताच. मॅसॅच्युसेट्सने १८४१ मध्ये राज्यभर नोंदी सुरू केल्या. व्हर्जिनियात १८५३ ते १८९६. ओहायोच्या काउंट्यांत १८६७ पासून. पेनसिल्व्हेनियाने राज्य पातळीवर १९०६ मध्ये, साउथ कॅरोलिनाने १९१५ मध्ये. त्याआधी चर्चची पुस्तकं, घरचं बायबल, थडगी. थडग्यावर मृत्यूची तारीख आणि "वय ६३ वर्षं ४ महिने १२ दिवस" असेल तर वजाबाकी करून जन्मतारीख काढा. लग्नाच्या नोंदी काउंटीत जन्मनोंदींच्या कितीतरी आधीपासून असतात.

तो सैन्यात होता का, हे कसं कळेल?

१८३० ते १८४५ च्या आसपास जन्मलेला पुरुष असेल तर यादवी युद्धाची सूची हमखास बघा. संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैनिकाची पेन्शन फाईल नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये असते. विधवेच्या फाईलमध्ये लग्नाचा पुरावा, मुलांच्या जन्मतारखा, शेजाऱ्यांची शपथपत्रं, क्वचित बायबलमधून फाडून दिलेलं पानही. १८९८ आणि १९१५ मध्ये पेन्शन खात्याने पत्नी आणि मुलांची माहिती विचारणारे तक्ते पाठवले, ते फाईलमध्ये आहेत का पाहा. दक्षिणेच्या सैनिकांना पेन्शन त्या त्या राज्याने दिली. दक्षिणेत राहून संघराज्याशी निष्ठा ठेवलेल्या शेतकऱ्यांनी सैन्याने नेलेल्या घोड्यांची, मक्याची, कुंपणाच्या लाकडांची भरपाई १८७१ पासून मागितली. असे सुमारे बावीस हजार दावे सदर्न क्लेम्स कमिशनकडे आले आणि त्यांत शेजाऱ्यांच्या लांबलचक साक्षी आहेत.

एकाच नावाचे दोघे एकाच काउंटीत आहेत. वेगळे कसे करायचे?

कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या करा आणि प्रत्येक नोंद तारखेसह कुठल्या पट्टीत जाते ते जमिनीच्या वर्णनावरून, पत्नीच्या नावावरून आणि सहीवरून ठरवा. एक जण अंगठ्याऐवजी फुली काढतो आणि दुसरा सही करतो, एवढाही फरक पुरतो. ठरत नसेल ती नोंद दोन्हींच्या बाहेर ठेवा. "सीनियर" आणि "ज्युनियर" म्हणजे बापलेक असं नाही. त्या भागातला मोठा आणि धाकटा, इतकाच अर्थ असू शकतो, आणि मोठा वारला की धाकटा सीनियर होतो.

आडनाव एलिस आयलंडवर बदललं असं घरात सांगतात.

न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र, एलिस आयलंड, १८९२ मध्ये सुरू झालं. न्यूयॉर्कला त्याआधी, १८५५ पासून, कॅसल गार्डन होतं. १८६० मध्ये आलेला पूर्वज एलिस आयलंडवर उतरलाच नाही. नावं हळूहळू, शेजारी आणि कारकून जसं लिहितील तशी बदलली. नॉर्वेजियन शेतकऱ्यांत वडिलांच्या नावावरून आलेलं आणि मूळ शेताच्या नावावरून आलेलं अशी दोन आडनावं आलटून पालटून दिसतात. खतात एक, चर्चमध्ये दुसरं. नागरिकत्वाचे कागद सप्टेंबर १९०६ आधी कुठल्याही नोंदी ठेवणाऱ्या कोर्टात होऊ शकत. काउंटीचं कोर्ट आधी बघा.

अमेरिकन मराठी मिशनच्या कुटुंबांसाठी वेगळं काही?

बरेचजण न्यू इंग्लंडचे. अहिल्यानगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार न्यू हॅम्पशरच्या. तिथे टाउनच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आणि काँग्रिगेशनल चर्चची पुस्तकं अठराव्या शतकापासून चांगली आहेत, म्हणून तिकडूनच सुरुवात करावी. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची पत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत; अर्जदाराच्या शिफारसपत्रांत घरची परिस्थिती कळू शकते.

कोर्टहाऊस जळलं असं सांगतात. शोध थांबवायचा का?

नाही. आधी काय जळलं ते विचारा. कधी प्रोबेट गेलं आणि खतं वाचली, कधी उलट. आगीनंतर अनेक मालकांनी आपल्याकडची खतं आणून पुन्हा नोंदवली, म्हणून १८४० चं खत १८७० च्या पुस्तकात असू शकतं. काउंटी कुठल्या जुन्या काउंटीतून निघाली ते शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाच्या सीमांच्या ऐतिहासिक नकाशातून काढा. माणूस हलला नाही तरी त्याची काउंटी दोनदा बदललेली असू शकते, आणि आधीचे कागद जुन्या काउंटीत सुरक्षित असतात. पेटंटची फाईल, पेन्शन आणि जनगणना केंद्राकडे असल्याने त्यांना धक्का लागलेला नसतो. शिवाय काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या मोफत वर्तमानपत्र संग्रहात शेरीफचे लिलाव, वारसांना नोटिसा आणि भरकटलेल्या गुरांच्या जाहिराती बघा.

भारतात बसून यातलं किती होतं?

जनगणना, पेटंट, ट्रॅक्ट बुक, बरीच खतं आणि वर्तमानपत्रं फुकट ऑनलाइन आहेत. फॅमिलीसर्चवरची काही चित्रं फक्त त्यांच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांत उघडतात. अमेरिकेतल्या नातलगाला पुस्तकाचं नाव, खंड आणि पान क्रमांक नेमका देऊन काढायला सांगा. काउंटीच्या क्लार्कला इमेल लिहिताना "आमच्या घराण्याची सर्व माहिती पाठवा" असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. एका पत्रात एकच मागणी, माणसाचं नाव, मृत्यूचं अंदाजे वर्ष, हवा असलेला कागद आणि खंड-पान लिहा. प्रतींचा खर्च आणि पैसे कसे भरायचे ते आधी विचारा. नोंद सापडली नाही असं उत्तर आलं तर कुठल्या पुस्तकांत आणि कुठल्या वर्षांत शोधलं ते कळवायला सांगा, आणि तेही तुमच्या वहीत तारखेसह लिहा.